तांडेलसाहेबांचे वीस शब्द

कोपरीत स्टेशनच्या बाजूला माझं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकान कसलं, दहा बाय आठचा गाळा. त्यात मी, दोन काचेची कपाटं आणि गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्या स्टुलावर एकही वस्तू विकत न घेता सर्वांत जास्त तास जर कुणी बसलं असेल, तर ते मोरेश्वर तांडेल. इतकी वर्षं झाली, तरी नव्याण्णव सालातले ते रविवार आठवले की माझं डोकं फिरतं. रविवारी जरा उशिरा उठावं, अंघोळीआधी दोनदा चहा प्यावा, एवढीच माझी आयुष्याकडून अपेक्षा होती. त्या वर्षी या माणसानं तेवढंही सुख मला मिळू दिलं नाही.

मी त्यांना साहेब म्हणायचो. त्यामागे जुनी सवय होती. ऐंशीच्या दशकात वागळे इस्टेटमधल्या ज्या कारखान्यात मी नऊ वर्षं काढली, तिथे ते क्वालिटी कंट्रोलचे मुख्य होते आणि मी त्यांच्या हाताखाली. कारखाना इंटरकॉमचे फोन बनवायचा. हॉटेलं, हॉस्पिटलं, मोठी ऑफिसं, सगळीकडे आमचे फोन जायचे. म्हणजे साहेबांनी जाऊ दिले तर जायचे.

मूळचे ते खाडीकडच्या कोळीवाड्यातले. वडिलांची होडी होती. हे मात्र शिकले, डिप्लोमा केला, वर्तकनगरला तिसऱ्या मजल्यावर घर घेतलं. अंगानं किरकोळ, केस तेल लावून मागे चोपलेले, शर्टाला दोन खिसे. डाव्या खिशात पेन. उजव्या खिशात दोरा ओवलेल्या लाल चिठ्ठ्यांचा गठ्ठा. फेल झालेल्या मालाला लाल चिठ्ठी बांधायची हा कारखान्याचा नियम. साहेब तो नियम कारखान्यातच सोडून घरी आले असते तर अनेकांचं भलं झालं असतं. त्यांनी सोसायटीच्या पाण्याच्या पंपाला लाल चिठ्ठी बांधली. गणपतीच्या मांडवातल्या भोंग्याला बांधली. एका लग्नात वधूपक्षाच्या माइकला बांधली आणि वरपक्षाकडचे लोक तो काही विधी असावा म्हणून हात जोडून उभे राहिले. वत्सलाकाकू, म्हणजे साहेबांच्या बायको, सांगायच्या की लग्नानंतर पहिल्याच महिन्यात त्यांच्या कुकरला चिठ्ठी लागली होती.

मासळीबाजारात तर त्यांना येताना बघून कोळणी टोपलीवर फडकं टाकायच्या. हे एकेक पापलेट उचलणार, कल्ला उघडणार, नाकाशी नेणार, परत ठेवणार, पुन्हा पहिलं उचलणार. त्यांच्याच नात्यातली एक म्हातारी एकदा माझ्यासमोर ओरडली, "मोऱ्या, मासा घ्यायला आयलास का त्याचा लगीन लावाला? चल, पुढं हो!" साहेब शांतपणे म्हणाले, "दोन नंबरचा कालचा आहे, मावशी." आणि पुढे झाले.

त्यांना एका शब्दाची चीड होती. तो शब्द म्हणजे 'चालेल'. आपल्याकडे माणूस दिवसातून पन्नास वेळा चालेल म्हणतो, आणि पन्नासही वेळा त्याचा अर्थ वेगळा असतो. साहेबांसमोर कुणी तो उच्चारला की ते काम थांबवायचे. "चालेल म्हणजे काय? पास की फेल?" समोरचा गडबडायचा. "नाही म्हणजे, तसा पासच..." "तसा पास म्हणजे फेल." की लाल चिठ्ठी बाहेर.

आता त्यांची तपासणी सांगतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. फोन वाजतो, आवाज येतो, एवढ्यावर त्यांचं समाधान होत नसे. त्यांनी वीस शब्दांची एक यादी केली होती. छत्री, फणस, खसखस असे, वायरीतून जाताना ज्यांची टोकं झिजतात असे शब्द त्यांनी हुडकून काढले होते. तपासणीच्या दोन खोल्या होत्या, मध्ये भिंत. एका खोलीतून साहेब एकेक शब्द वाचायचे, दुसऱ्या खोलीत मी तो ऐकून परत म्हणायचा आणि शीटवर बरोबर किंवा फुली करायची. शब्द ऐकू आला नाही तर "नाही आला" म्हणायचं. "ऐकणाऱ्याचं मत अंतिम," हा नियम. मालकांचं म्हणणं, वीसपैकी अठरा आले तर माल सोडा. साहेबांचं म्हणणं, वीसपैकी वीस. विसावा शब्द होता निवटी. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात टणटण उड्या मारणारा बोटभर मासा. नवीन आलेल्या पोरांना तो माहीत नसायचा, त्यामुळे ती अडखळायची. मी एकदा म्हटलं, "साहेब, हा एक शब्द बदला ना. कुठल्या हॉटेलातलं गिऱ्हाईक फोनवर निवटी मागणार आहे?" ते म्हणाले, "म्हणूनच ठेवलाय. ओळखीचा शब्द माणूस अंदाजानं ऐकतो."

नऊ वर्षं मी रोज खसखस ऐकली. झोपेत म्हणायचो, असं बायको सांगते.

एकदा दिवाळीच्या तोंडावर माल जायची घाई होती. आमच्यातल्या कारेकरला सुट्टीवर जायचं होतं. त्यानं फोन न तपासताच शीट भरून टाकल्या. हुशार होता. घाईमुळे त्या खेपेला मालकांचा अठराचा नियम लागू होता, पण सगळं पास लिहिलं तर संशय येईल म्हणून दर शीटवर एकेक शब्द फेल दाखवला. पहिल्या शीटवर पहिला शब्द, दुसरीवर दुसरा, तिसरीवर तिसरा. शीट टेबलावर पसरलेल्या होत्या आणि साहेब चहाचा कप घेऊन दारातून आत येत होते. टेबलापर्यंत पोचलेही नव्हते. तिथूनच म्हणाले, "कारेकर, या खोट्या आहेत." साहेब जवळ आले आणि फुल्यांवरून तिरकं बोट फिरवलं. "खऱ्या चुका अशा रांग लावून येत नाहीत रे." मग त्याच्याबरोबर बसून दोनशे फोन परत तपासले. स्वतःसुद्धा दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला घरी नव्हते. काकू त्यावरून त्यांच्याशी आठवडाभर बोलल्या नाहीत, आणि साहेबांच्या ते लक्षातही आलं नाही.

असा माणूस मुलीचं लग्न कसं जमवणार? शैला त्यांची एकुलती एक. लहानपणी घरातल्या फोनच्या चाचणीला दुसऱ्या खोलीत तिलाच बसवायचे, त्यामुळे वीस शब्द तिला पाढ्यासारखे पाठ. मोठी झाली, इंजिनीअर झाली, स्थळं यायला लागली. साहेबांनी अकरा मुलं फेल केली. एकाचा पायजमा आखूड होता. एकानं प्रश्न पुरता ऐकायच्या आत उत्तर दिलं. एकाच्या बापानं वेळ पाचची देऊन पाच वीसला पाऊल ठेवलं, तर मुलगा फेल. शेवटी शैलानं स्वतःच एक मुलगा निवडला, तिच्या ऑफिसातला, नाकीडोळी बरा, स्वभावानं गरीब. तो भेटायला आला तेव्हा काकूंनी विचारलं, "चहा की कॉफी?" बिचारा म्हणाला, "काहीही चालेल."

साहेब उठून आत गेले.

तेवढ्यावरून एवढं होईल असं कुणालाच वाटलं नव्हतं. साहेब लग्नाला गेले नाहीत. शैला म्हणाली, "माझ्या नवऱ्याला चिठ्ठी बांधलीत ना बाबा? मग मलाही बांधा." ती अमेरिकेला गेली. चार वर्षं बापलेक एक शब्द बोलले नाहीत. महिन्यातून एकदा काकू तिला फोन लावायच्या आणि साहेब तेवढा वेळ गच्चीवर जाऊन टाकीचं झाकण तपासायचे. काकू मला म्हणायच्या, "विनायका, लोखंड वितळतं रे, हा मानूस नाय वितळत."

मधल्या काळात आमचा कारखाना बंद पडला, साहेब घरी बसले आणि मी कोपरीत दुकान टाकलं. नव्याण्णवच्या सुरुवातीला शैलाला दिवस गेल्याचं कळलं. तिला इकडे येता येत नव्हतं, काकूंच्या गुडघ्यांमुळे त्यांना तिकडे जाता येत नव्हतं. पोरीनं आईला सांगितलं, कॉम्प्युटर घ्या, इंटरनेटवरून तासभर बोलू. काकूंनी जन्मात पहिल्यांदा नवऱ्याला हुकूम सोडला. "तुम्हाला बोलायचं नाय तर नका बोलू. पन यंत्र नीट निवडून द्या. माजी पोर पहिलटकरीन हाय."

यंत्र निवडायचं म्हटल्यावर साहेबांच्या डोळ्यांत जी चमक आली, ती मी ओळखायला हवी होती. पण मी मूर्ख. मी म्हटलं, "साहेब, अर्ध्या तासाचं काम आहे. कॉम्प्युटर मी जोडून देतो, आत एक मोडेम बसवतो, झालं." मोडेम म्हणजे कॉम्प्युटरला फोनच्या वायरीनं इंटरनेटशी जोडणारं यंत्र. साहेब स्टुलावर बसले. "आत बसवतो म्हणजे? आत दडलेलं यंत्र मी तपासू कसं?"

त्या स्टुलावर ते दीड महिना बसले. आत बसणारा मोडेम स्वस्त, पण तो सगळं काम कॉम्प्युटरच्या डोक्यावर टाकतो आणि कॉम्प्युटर दुसऱ्या कामात गुंतला की आवाज तुटतो, हे त्यांनी मला सांगितलं. माल माझा, दुकान माझं, आणि शिकवतायत ते. त्यांना बाहेर ठेवायचा डबा हवा, पुढे दिवे असलेला. कुठला? प्रत्येक डब्याचं पुस्तक त्यांनी घरी नेऊन वाचलं. मी म्हटलं, "हा सर्वांत वेगवान आहे." तर म्हणाले, "पत्र पाठवायचं असतं तर वेग बघितला असता. बोलायला वेग लागत नाही, सारखेपणा लागतो. थोडं कमी ओझं उचलू दे, पण वाटेत सांडायला नको." आणि त्यांनी तो वेगवान डबा सेटिंग बदलून मुद्दाम हळू चालवायला लावला. त्यात ते बरोबर होते, हे मला सांगताना अजूनही जड जातं. पूर्ण वेगाला लाइन दर दहा मिनिटांनी तुटायची, हळू केल्यावर तासभर टिकली.

मग वायर. इमारतीच्या खालच्या पेटीपासून टेबलापर्यंत त्यांनी नवी वायर ओढली. मध्ये एकही जोड नाही. शयनगृहातला जोडफोन काढून टाकला. काकू म्हणाल्या, "आता मी झोपल्या झोपल्या माज्या बहिनीशी बोलू कशी?" साहेब म्हणाले, "उठून."

शेवटी एकदाचा मुहूर्त लागला. रविवारी सकाळी साडेसात, तिकडे शनिवारची संध्याकाळ. मी वर्तकनगरला हजर. मोडेमनं किंचाळून घेतलं, दिवे लागले, आणि स्पीकरमधून शैलाचा आवाज आला, "आई?" काकूंचा हात तोंडावर गेला. चाळीस मिनिटं दोघी बोलल्या. आवाज जायला यायला वेळ लागायचा, दोघी एकदम बोलायच्या, एकदम थांबायच्या, पण बोलल्या. मेथीचे लाडू, पायांची सूज, बाळंतविडा. साहेब पाठ करून खिडकीशी उभे. मी मनात म्हटलं, सुटलो.

काकू शेवटी स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "थांब, तुजे बाबा दोन शब्द बोलतील." आणि नवऱ्याकडे बघितलं. अशी नजर मी काकूंची आधी कधी बघितली नव्हती.

साहेब वळले. खुर्चीवर बसले. वरच्या खिशातून एक घडी केलेला कागद काढला आणि माझ्याकडे दुसरा कागद सरकवला. शीट होती. कारखान्याची, जुनी, पिवळी पडलेली. त्यांनी माइक जवळ घेतला, घसा साफ केला.

"छत्री," ते म्हणाले.

काकूंनी कपाळाला हात लावला. स्पीकरमध्ये नुसती खरखर. चार वर्षांनी बाप बोलला आणि काय बोलला, तर छत्री. मला वाटलं, पोरगी आता लाइन कापणार. कापायलाच हवी होती.

"नाही आला," शैला म्हणाली.

"फणस."

"फणस."

"खसखस."

"खसखस."

वीस शब्द झाले. एकोणीस बरोबर, एक फुली. साहेबांनी शीटवर सही केली, शेरा लिहिला, 'फेल. फेरचाचणी पुढील रविवारी.' मोडेमला लाल चिठ्ठी बांधली आणि मला म्हणाले, "दुसरा घेऊन ये."

"साहेब, काकू चाळीस मिनिटं बोलल्या त्यावर! शब्दन् शब्द ऐकू येत होता."

"ओळखीचं बोलणं माणूस अंदाजानं ऐकतो."

पुढच्या रविवारी मी दुसरा डबा नेला. एकोणीस. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा एकोणीस. मी साउंड कार्ड बदललं, माइक बदलला, तिसरा मोडेम नेला. एकोणीस. दुकानातले सगळे डबे लाल चिठ्ठ्या लावून परत यायचे आणि गिऱ्हाइकं विचारायची, "हे काय, सेल आहे का?" माझी बायको म्हणाली, "तुम्ही साहेबांना नाही म्हणत नाही म्हणून ते असं करतात." मी म्हटलं, "मी नाही म्हणतो, त्यांना ऐकू येत नाही." काकू तर पार वैतागल्या. आधी त्या बोलायच्या, मग साहेबांची यादी, हा क्रम त्यांनी ठरवून घेतला होता, तेवढा एक शहाणपणा झाला. पण शेवटी साहेब माइक घ्यायचे तेव्हा त्या भांडी आदळत स्वयंपाकघरात जायच्या. "दोन शब्द बोला म्हटलं तर वीस बोलतो आणि त्यात एकपन धड नाय. पोरीला कशी हायस इचारायला याची जीभ झडते."

एकदा मागून जावयाचा आवाज आला, "आवाज चालेल ना, बाबा?" साहेबांनी माइक खाली ठेवला आणि पूर्ण एक मिनिट भिंतीकडे बघत बसले. मग उचलून पुढचा शब्द वाचला.

अकराव्या रविवारनंतर शैला बाळंत झाली. मुलगी. दोन रविवार सुटले आणि मी दोन्ही रविवारी साडेनवाला उठलो. तिसऱ्या रविवारी सकाळी मी पुन्हा त्या खुर्चीत. शैलाचा आवाज थकलेला, मागे बाळाचं रडणं. काकू रडल्या, हसल्या, तेल कुठलं लावायचं ते सांगितलं. मला वाटलं, आज तरी हा माणूस नातीचं नाव विचारेल. साहेबांनी यादी वाचली. बाराव्या शब्दाला, झाकण, ती म्हणाली, "नाही आला." शेऱ्याच्या रकान्यात साहेबांनी लिहिलं, 'मागे मूल रडते. आवाज स्वच्छ.' आणि सही, फेरचाचणी.

त्या दिवशी जिन्यातून उतरताना मी ठरवलं, पुढच्या खेपेला स्पष्ट सांगायचं. साहेब, तुमची माझी ओळख गेली खड्ड्यात, मी यापुढे येणार नाही. पण माणूस भांडायचं ठरवतो आणि पुरावे गोळा करायला लागतो. आणखी दोन रविवार गेले. मग एका दुपारी दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, तेव्हा मी परत आलेल्या डब्यांबरोबर जमलेल्या सगळ्या शीट काउंटरवर पसरल्या. चौदा शीट. कुठला मोडेम सर्वांत बरा ते आकड्यांनी दाखवून द्यावं म्हणून शेजारी शेजारी लावल्या.

फुल्या डावीकडून उजवीकडे एकेक पायरी उतरत होत्या. पहिल्या शीटवर पहिला शब्द. दुसरीवर दुसरा. चौदावीवर चौदावा. मध्ये पोरगी बाळंत झाली, दोन रविवार चुकले, पण रांग चुकली नव्हती.

मी सरळ शटर ओढलं आणि वर्तकनगर गाठलं. साहेब जमिनीवर बसून इस्त्री उघडत होते. मी शीट त्यांच्यासमोर फरशीवर मांडल्या. "बघा. कारेकरनं केलं होतं तेच. खऱ्या चुका रांग लावून येत नाहीत, तुम्हीच म्हणालेलात ना? शैला मुद्दाम करतेय हे. माझे सगळे मोडेम पास आहेत, पहिल्या दिवसापासून!"

साहेबांनी चष्माही लावला नाही. स्क्रू डबीत टाकला. "किती झाले?"

"चौदा."

"म्हणजे सहा राहिले."

"तुम्हाला माहीत होतं?"

"तिसऱ्या शीटला कळलं."

"मग फेल का करताय? माझे रविवार, काकूंचा जीव, हे डबे..."

"ऐकणारा सांगतोय की शब्द आला नाही." त्यांनी शीट गोळा केल्या, कडा जुळवल्या आणि माझ्या हातात दिल्या. "ऐकणाऱ्याचं मत अंतिम. नियम आहे."

मी संतापून तडक बाहेर पडलो. दोन चांगली शिकलेली माणसं, एकमेकांशी बोलायचं नाही म्हणून माझा माल फेल करतायत. आणि बोलायचं आहे, म्हणूनही फेल करतायत. जिना उतरताना दुसऱ्या मजल्यावर मला ते समजलं, आणि मी पायरीवर बसलो. रडू आलं म्हणत नाही. पण बसलो.

उरलेले रविवार मी न बोलता गेलो. डबासुद्धा बदलला नाही, पहिलाच तिथे ठेवला, साहेब काही म्हणाले नाहीत. विसाव्या रविवारी साहेबांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक होता. एकोणीस शब्द झाले, एकोणीस बरोबर.

"निवटी," साहेब म्हणाले.

बाळ कुठेतरी चोखल्यासारखा आवाज करत होतं.

"नाही आला, बाबा."

साहेबांनी फुली बघितली. शीटवर खाली जागा उरली नव्हती. मी त्यांच्याकडे, ते कागदाकडे. "फेरचाचणी," ते म्हणाले.

"कशाची?" शैलाचा आवाज फाटला. "यादी संपली ना."

"नवी यादी करतो," साहेब म्हणाले आणि घाईनं लाइन बंद केली.

आठवडाभर ते दुकानात आले नाहीत. रविवारी मी गेलो तेव्हा टेबलावर दोन नवे कागद होते. 'वाक्य-चाचणी' असं वर लिहून खाली रेघ मारलेली. चाळीस वाक्यं, सुंदर अक्षर, आकडे घालून. नियम तोच. ऐकणाऱ्यानं वाक्य जसंच्या तसं परत म्हणायचं. मी पहिली ओळ वाचली आणि पेन उघडलं.

काकूंचं बोलणं झालं. त्या भांड्यांकडे निघाल्या, तेवढ्यात साहेबांनी पहिलं वाक्य वाचलं.

"जेवलीस का?"

काकू दारातच थांबल्या.

"जेवले, बाबा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. वाक्य परत म्हटलं गेलं नव्हतं, उत्तर आलं होतं. मी विचारलं, "काय लिहू?"

"फेल. पुढचं. तिकडे थंडी पडली का?"

"पडली. बाळाला दोन टोपडी घालते."

"फेल. बाळ रात्री झोपतं का?"

"नाही झोपत. तुमच्यासारखी आहे. प्रत्येक गोष्ट टक लावून बघते."

मी फुल्या मारत होतो. एकविसावं वाक्य होतं, 'जावयांची नोकरी बरी चालली आहे ना?' ते वाचताना साहेब दोनदा पाणी प्यायले. तिकडून आधी शैलानं, मग तिच्या नवऱ्यानं उत्तर दिलं, आणि तो बिचारा इतका घाबरला होता की चांगली पाच मिनिटं नोकरीबद्दल बोलत राहिला. साहेबांनी त्याला मध्ये तोडलं नाही. काकू दारातल्या उंबऱ्यावरच बसल्या होत्या, पदर तोंडात धरून.

चाळिसावं वाक्य आलं. "घरी कधी येशील?"



"तुम्ही बोलावलंत कुठे, बाबा?"

यादीत पुढे काही नव्हतं. साहेबांनी कागद उलटा करून बघितला, मागेही काही नव्हतं. मग कागद बाजूला ठेवला.

"आत्ता बोलावलं ना," ते म्हणाले. "दोघांना. तिघांना."

लाइन बंद झाल्यावर मी शीट त्यांच्यापुढे केली. चाळीसपैकी चाळीस फेल. त्यांच्या सगळ्या नोकरीत असा निकाल लागला नव्हता. मी उठलो. शेवटी माझंही दुकान आहे, मलाही एक उत्तर हवं होतं.

"साहेब, आता एकदाचं सांगा. हा डबा परत नेऊ? पास की फेल?"

ते मोडेमवर वाकले होते, माझ्याकडे पाठ करून. लाल चिठ्ठीच्या दोऱ्याची गाठ बोटांनी सुटत नव्हती, म्हणून दातांनी सोडवत होते. ती सुटली. त्यांनी ती घडी करून उजव्या खिशात ठेवली आणि मोडेमवरून हात फिरवला.

"राहू दे," ते म्हणाले. "चालेल."